ओढ्याखालचा भ्रंश

भूगर्भशास्त्र मावशींनी निवडलेलं नव्हतं, ते उरलेलं होतं. विद्यापीठात त्या प्रवेश घ्यायला गेल्या त्या दिवशी जीवशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, रसायनशास्त्राच्या खिडकीतला माणूस जेवायला गेला होता, आणि भूगर्भशास्त्राच्या खिडकीत एक कारकून पेन्सिलीला टोक काढत एकटाच बसला होता. "शाळेत विज्ञान होतं ना? मग झालं तर," असं म्हणून त्याने त्यांना इतक्या आनंदाने खुर्ची दिली, की नाही म्हणायचं मावशींच्या जिवावर आलं. तेव्हा त्यांचं वय होतं सेहेचाळीस.

त्याआधीची वीस वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवलं होतं. लोकांची पोरं सांभाळायची, नाकं पुसायची, भांडणं सोडवायची आणि संध्याकाळी ज्याचं पोर त्याच्या हवाली करायचं. मग पुढच्या चौकात घसरगुंडीवालं मोठं पाळणाघर निघालं आणि मावशींकडची पोरं एकेक करून तिकडे गेली. स्वतःची मुलगी लग्न होऊन लांब राहत होती. रिकाम्या खोलीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा लग्नामुळे अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करावं, एवढाच त्यांचा बेत होता. वर्गात पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांना "मावशी" म्हणालं आणि तेच नाव पडलं. पडणारच, अर्धं गाव त्यांना त्याच नावाने ओळखत होतं.

नवऱ्याचं पंप आणि मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान होतं. गडी अबोल. जे काय बोलायचे ते मात्र वर्षानुवर्षं तेच. बायकोने विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणार!" हा विनोद त्यांना इतका आवडला, की पुढची तीन वर्षं घरी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला. नणंदेचं मत याहून वेगळं नव्हतं. "वहिनी, दुरून डोंगर साजरे," ती म्हणायची आणि आपल्याच बोलण्यावर मान डोलवायची.

गंमत अशी की मावशींना विषय आवडला. खडक रडत नाहीत, भूक लागली म्हणत नाहीत, आणि सकाळी जिथे ठेवले तिथेच संध्याकाळी सापडतात, असं त्या वर्गात सांगायच्या आणि पोरं हसायची. पण खरं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एखादा थर पाण्याच्या तळाशी सपाट साचतो, मग जमीन दाबली जाते, तो तिरका होतो, आणि आज आपण तिथे बसून तो कोणत्या दिशेला पसरलाय आणि किती कललाय हे मोजू शकतो, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुठल्या तरी गोष्टीत हुशार ठरल्या होत्या. त्यांना पदवी हवी होती, आणि आता ती फक्त भिंतीवर लावायला नको होती.

पदवीच्या आणि त्यांच्या मध्ये उन्हाळी शिबिर होतं. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने डोंगरात राहून, खडक मोजून नकाशा करायचा. शिबिर नाही तर पदवी नाही. आणि मावशींचा डावा गुडघा कामातून गेला होता. वीस वर्षं जमिनीवर बसून, कडेवर पोर घेऊन उठल्याचा तो हिशेब होता. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सांधा बदलायला लागेल. मावशी "बघते" म्हणून जिना उतरल्या त्या परत गेल्या नाहीत.

कारण त्यांची थोरली बहीण. तिने सांधा बदलून घेतला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण घरच्यांनी तिला जी खिडकीपाशी खुर्चीत बसवली ती कायमची. पाणी हातात, चहा हातात, "ताई, उठू नकोस." ती बिचारी चालायला शिकली होती, पण तिला चालू कोण देणार! एकदा गुडघ्याला चाकू लागला, की घरचे आपल्याला माळ्यावरही चढू देणार नाहीत, डोंगर तर लांबच राहिला, हे मावशींनी ओळखलं होतं. तेव्हा आधी शिबिर, मग गुडघा. नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून, जीभ बघून तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला दिला. गुडघ्याचं त्यांनी विचारलं नाही आणि मावशींनी सांगितलं नाही. औषधांच्या दुकानातून त्यांनी गुडघ्याचा पट्टा आणला. जाड कापड, वर-खाली आवळायचे बंद आणि दोन्ही बाजूंना शिवलेल्या पोलादी पट्ट्या. वरून ढगळ पँट घातली की कुणाला पत्ता लागत नव्हता. नवऱ्यालाही लागला नाही.

शिबिर एका लहान मुलांच्या शाळेत होतं. सुट्टीमुळे शाळा बंद होती. मुलं एका वर्गात झोपायची, मुली दुसऱ्यात, आणि बाकं इतकी बुटकी की जेवायला बसलं की गुडघे हनुवटीला टेकायचे. मावशींचा एक टेकायचा, दुसरा बाकाबाहेर लांब करून ठेवावा लागायचा. सगळ्यांच्या आधी उठून, न्हाणीघरात जाऊन पट्टा बांधून यायचा, असा त्यांचा नेम होता. मुलींना वाटायचं, मावशींना शिस्त आहे.

शिबिराच्या प्रमुख सरांना पोरं पंचनामे सर म्हणायची, कारण कुठलाही दगड हातात आला की त्यांचे प्रश्न संपत नसत. माणूस वाईट नव्हता. दोन बाबतींत मात्र त्यांच्याकडे दयामाया नव्हती. ज्याला चालवत नाही त्याला ते परत पाठवत, कारण एका वर्षी एक मुलगा कड्यावरून घसरला होता. आणि जो न मोजता आकडे लिहितो त्याला तर पाठवतच, वर पुन्हा कधी शिबिरात घेत नसत.

जोड्या लागल्या तेव्हा मावशींच्या वाट्याला जो मुलगा आला तो त्यांच्याच पाळणाघरातला निघाला. तेव्हा तो चावायचा. बाकीची पोरं त्याला चावरा म्हणत आणि त्याच्या शेजारी झोपत नसत. आता तो त्यांच्याहून हातभर उंच होता.

"मावशी, एक विनंती आहे," तो पहिल्याच चढावर हळूच म्हणाला.

"चावायचास ते सांगणार नाही कुणाला. चल."

"आणि ते दुपारी झोपताना..."

"तेही नाही सांगणार. चल आता."

चावऱ्याचं नाव वर्गात फारसं चांगलं नव्हतं. मागच्या वर्षी त्याने प्रयोगवहीतले आकडे मित्राच्या वहीतून उतरवले होते आणि पंचनामे सरांनी त्याला शेवटची ताकीद दिली होती. पण डोंगरात तो झटून काम करत होता. त्यांच्या वाट्याच्या टेकडीच्या मधून एक कोरडा ओढा जायचा. ओढ्याच्या अलीकडचा भाग मावशींनी मोजायचा, पलीकडचा चावऱ्याने. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि शेवटी दोन्ही भाग जोडून एक नकाशा करायचा.

सरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "होकायंत्राजवळ लोखंड नको. हातोडी लांब, किल्ल्या लांब, पट्ट्याचं बक्कलसुद्धा लांब. नाहीतर सुई फिरते आणि नकाशा बोंबलतो." मावशींइतकं हे कुणी पाळलं नाही. हातोडी लांब ठेवायच्या, किल्ल्या चावऱ्याच्या पिशवीत टाकायच्या, केसांतल्या पिनासुद्धा काढून डबीत ठेवायच्या. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून खडकालगत डावा पाय लांब करून बसायच्या आणि गुडघ्याशेजारी होकायंत्र टेकवून आकडा सांगायच्या. चावरा तो लिहून घ्यायचा. गुडघ्याच्या पट्ट्याचं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. ती वस्तू त्यांच्या लेखी औषधात जमा होती, लोखंडात नव्हे.

नकाशा जोडायची वेळ आली तेव्हा घोटाळा उघड झाला. टेकडीवरून चुनखडीचा एक पांढरट थर जात होता. ओढ्यात वाळू आणि गोटे असल्यामुळे तिथे तो झाकलेला होता, तेव्हा दोन्ही बाजूंनी मोजलेल्या दिशेने रेघा वाढवून त्या ओढ्यात मिळायला हव्या होत्या. त्या मिळेनात. चावऱ्याची रेघ एकीकडे जायची, मावशींची भलतीकडेच. पुन्हा काढल्या, पुन्हा तेच. दोघं बाकावर डोकं धरून बसले.

मग चावऱ्याचे डोळे चमकले. "मावशी, ओढ्याखाली भ्रंश आहे!"

भ्रंश म्हणजे जमिनीतली भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांपासून सरकलेले असतात. ओढे बरेचदा अशा भेगेवरूनच वाहतात, हे पुस्तकात होतंच. सगळं चपखल बसलं. दोघांनी ओढ्यावरून लाल पेन्सिलीने ठळक रेघ मारली, आणि हा भ्रंश आजवरच्या कुठल्याच नकाशात नाही हे कळल्यावर तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. चावऱ्याने जेवताना सगळ्या वर्गाला सांगितलं. मावशी नको नको म्हणत होत्या, पण त्यांनाही आतून गुदगुल्या होत होत्या. चुकीला शोध समजण्याची ही सोय फक्त शिकलेल्यांनाच असते.

पंचनामे सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "पंधरा वर्षं मी या टेकडीवर पोरं आणतोय," ते म्हणाले. "उद्या सकाळी भ्रंश दाखवा मला."

सकाळी तिघं ओढ्यातून वर चढत गेले. मावशी मागे पडत होत्या आणि फोटो काढायचं निमित्त करून थांबत होत्या. वरच्या वळणावर पाण्याने वाळू धुऊन नेली होती आणि ओढ्याचा तळ उघडा पडला होता. चुनखडीचा थर या काठावरून त्या काठावर सरळ गेलेला होता. सरकलेला नाही, तुटलेला नाही. सरांनी त्यावर बूट ठेवला.

"हा तुमचा भ्रंश."

सर पलीकडे गेले, चावऱ्याच्या दोन जागा मोजल्या. बरोबर निघाल्या. मग अलीकडे आले आणि मावशींची एक जागा मोजली. त्यांचा आकडा वेगळा आला, आणि थोडाथोडका नाही. त्यांनी वही उघडली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं, सर," चावरा म्हणाला.

"वाटलंच. बाई मागे पडतात, म्हणून त्यांच्या भागाचे आकडे तू सावलीत बसून ठोकलेस. आणि वर भ्रंश!"

"नाही हो सर! मावशींनी मोजलं, मी फक्त लिहिलं."

"मी मोजलंय, सर," मावशी म्हणाल्या.

"बाई, तुम्ही त्याला पाठीशी घालू नका. एक वेळ दोन-चार अंश चुकतील, इतकं कसं चुकेल?" सरांनी होकायंत्र त्यांच्या हातात दिलं. "बरं, मोजा. याच जागी. तुमचा आकडा वहीशी जुळला तर त्याची माफी मागतो. माझ्याशी जुळला तर हा आज दुपारच्या गाडीने घरी."

मावशी नेहमीसारख्या पाय लांब करून बसल्या. होकायंत्र टेकवलं. सुई डुलली आणि बरोबर वहीतल्या आकड्यावर थांबली. त्यांचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात पोटरीत पेटका आला म्हणून त्यांनी पाय जरा बाजूला घेतला, तर सुई चालायला लागली. आरामात चालत गेली आणि सरांच्या आकड्यावर जाऊन थांबली. मावशींनी पाय परत जवळ आणला. सुई परत आली. पुन्हा लांब नेला. सुई पुन्हा गेली.

सर समोरच्या कड्याकडे बघत होते. चावरा स्वतःच्या बुटांकडे.

मावशींना सगळं कळलं, आणि पुढचंही कळलं. पाय लांब ठेवून आकडा सांगितला तर तो खरा आकडा होता. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. सुई तेच दाखवत होती. मुलगा घरी गेला असता, पट्टा कुणाला दिसला नसता, उरलेल्या दिवसांत त्यांनी आपला भाग नव्याने मोजला असता आणि पदवी घेतली असती. पट्टा दाखवला तर शिबिर आज संपत होतं, आणि मग गुडघा, खुर्ची आणि खिडकी. मावशी काही मोठ्या थोर बाई नव्हत्या. त्यांनी विचार केला आणि चांगला सावकाश केला. मुलगा तरुण आहे, त्याचं काहीतरी होईल, इथपर्यंत त्या पोचल्याही होत्या. पण याने खरंच मोजून घेतलेलं, उन्हात उभं राहून लिहिलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि ते पाहिलं नाही असं त्यांना करता येईना.

"हं, किती?" सरांनी विचारलं.

"दोन्ही," मावशी म्हणाल्या. त्यांनी पँट गुडघ्याच्या वर ओढली. "सर, जरा वाका आणि सुईकडे बघा."

सर वाकले. मावशींनी पाय आणला, नेला, आणला. सर ते पाहत राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि कपाळ पुसलं.

"पंधरा वर्षं मी हातोडी लांब ठेवा म्हणून कानीकपाळी ओरडतोय," ते म्हणाले. "गुडघा लांब ठेवा असं सांगायचं मला सुचलं नाही." मग चावऱ्याकडे वळून म्हणाले, "माझं चुकलं."

"सर, मग सगळ्या आकड्यांतून तेवढे अंश वजा करू ना!" चावरा घाईघाईने म्हणाला. "मी रात्रीतून करून देतो."

"नाही होत तसं. त्या तोंड कुठे करून बसल्या, पाय कसा होता, त्यावर सुई कमीजास्त फिरणार. सगळं नव्यानेच मोजायला हवं."

"मग मोजते मी," मावशी म्हणाल्या आणि पट्ट्याचे बंद सोडायला लागल्या. "हा इथे ठेवते. बघा तुम्ही." पट्टा खडकावर ठेवून त्या उठल्या, उतारावरच्या सुट्या खड्यांवर दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्याला गुडघा असा वळला की चावऱ्याने धरलं नसतं तर त्या ओढ्यातच गेल्या असत्या.

"तुम्हाला काही झालं असतं तर तुमच्या घरी मी काय सांगितलं असतं?" सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पुढच्या उन्हाळ्यात या. गुडघ्याचा दाखला घेऊन या, छातीचा नको. जागा ठेवतो."

दुपारच्या गाडीने मावशीच गेल्या. चावरा पिशवी उचलायला आला होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि ते त्याला जमत नव्हतं. "जा आता, काम पडलंय," असं म्हणून मावशींनीच त्याची सुटका केली. गाडी सुटल्यावर मात्र त्या रडल्या. पदवी गेली म्हणून रडल्या, आणि पाय लांब ठेवून आकडा सांगितला असता तर काय बिघडलं असतं, असं मनात आलं म्हणूनही रडल्या.

घरी नवऱ्याने चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं.

"पट्टी पोलादी होती?"

"हो."

"मग फिरणारच सुई. मला दाखवला असतास तर सांगितलं असतं."

"तुम्हाला दाखवला असता तर तुम्ही जाऊ दिलं असतंत?"

नवऱ्याने उठून कप धुऊन ठेवले.

नणंद येऊन सांगून गेली, "बरं झालं वहिनी, सुटलीस. आता कशाला ती कापाकापी? घरात बसायला हा गुडघा पुरतो." आणि वाईट हे की मावशींनाही तसंच वाटायला लागलं होतं. शस्त्रक्रियेनंतर घरचे पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावर पाठवतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. वह्यापुस्तकं त्यांनी पाळणाघराच्या खोलीत कपाटावर चढवून ठेवली. नवरा ते बघत होता.

एका दुपारी नवऱ्याने दुकान बंद केलं आणि काही न सांगता त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नमुन्याचा सांधा टेबलावर ठेवला. चकचकीत, जड, हाताच्या मुठीत मावेल एवढा. तो कसा बसवतात ते दाखवलं. चालता येईल, जिना चढता येईल, उकिडवं मात्र बसायचं नाही, असं त्यांनी नेहमीच्या सुरात सांगितलं.

"डोंगर?" नवऱ्याने विचारलं.

डॉक्टर थांबले. "डोंगर... व्यायाम नीट केला तर हळूहळू, काठी घेऊन, हो. का?"

नवऱ्याने खिशातून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक काढला. दुकानातला, मोटारीतून निघालेला. आधी तो टेबलाच्या लोखंडी पायाला लावून पाहिला. तो खाडकन चिकटला. ओढून काढायला त्यांना जोर लावावा लागला. मग नमुन्याचा सांधा हातात घेऊन त्यांनी चुंबक त्याच्या एका बाजूने फिरवला, दुसऱ्या बाजूने फिरवला, खालून लावून पाहिला. कुठेच चिकटला नाही.

"काय करताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिला पुढच्या वर्षी होकायंत्र शेजारी ठेवून बसायचंय," नवरा म्हणाला. "सुई फिरायला नको." त्यांनी सांधा टेबलावर परत ठेवला आणि बायकोकडे बघितलं. "हा चालेल."

मावशींनी पर्सचा बंद दोन-तीनदा बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"लवकरात लवकरची तारीख कोणती देता?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.